बर्फातलं देवदारबन तैलरंगात: पांढरा रंग सगळ्यात शेवटी

हिवाळी जंगलाचं चित्र फसतं ते बहुधा पहिल्या दहा मिनिटांत. पॅलेटवर पांढऱ्याची अर्धी ट्यूब पिळली जाते, त्यात निळ्याचा एक ठिपका पडतो आणि कॅनव्हासचा खालचा अर्धा भाग एका दमात भरून निघतो. मग त्यावर कितीही गडद खोडं उभी केली तरी ती चिकटवल्यासारखी दिसतात आणि ऊन काही केल्या पडत नाही. सगळ्यात उजळ रंग सुरुवातीलाच खर्च झालेला असतो. उन्हासाठी त्याहून उजळ काही उरत नाही.

आपल्याकडे बहुतेकांचा हात जलरंगावर बसलेला असतो. तिथे पांढरं म्हणजे कागद, आणि तो पहिल्यापासून राखून ठेवायचा असतो. तैलरंगात हिशेब उलटा आहे. गडद आधी, मधल्या छटा नंतर, आणि निव्वळ पांढऱ्याच्या जवळ जाणारे फटकारे अगदी शेवटी, तेही मोजके. पुढची सगळी पद्धत या एका गोष्टीभोवती बांधलेली आहे.

उदाहरणाला मनालीचं ढुंगरीचं देवदारबन घेऊ. हिडिंबा मंदिराभोवतीचं हे रान मराठी पर्यटकांच्या फोनमध्ये हमखास सापडतं, त्यामुळे संदर्भाला फोटोंची वानवा नाही. देवदार सदाहरित आहे. बर्फ पडल्यावरही त्याची गडद निळसर हिरवी पालवी तशीच राहते आणि गडद-उजळाचा खेळ आयता मिळतो. पानगळ झालेलं रान रंगवायचं असेल तर तिथलीच सफरचंदाची बाग किंवा ब्यास नदीच्या काठावरचे पॉपलर आणि विलो घ्यावेत. पद्धत तीच, फक्त बारीक काटक्यांचं काम वाढतं.

फोटो आणि सावल्या

फोनचा कॅमेरा बर्फ पाहून गोंधळतो. एवढं पांढरं दिसल्यावर तो उजेड कमी करतो. बर्फ राखाडी येतो, खोडं काळीकुट्ट होतात आणि सावलीतला निळा रंग मरतो. फोटो काढताना एक्स्पोजर (कॅमेरा आत घेतो तो उजेड) एक ते दीड स्टॉप, म्हणजे उजेडाच्या मापाच्या एक-दीड पायऱ्या, वाढवावं. उन्हाच्या भागासाठी एक आणि झाडांच्या सावलीसाठी एक असे दोन फोटो घेतले तर आणखी चांगलं. जुनाच फोटो वापरायचा असेल तर त्यातली रचना घ्या, रंगांवर विश्वास ठेवू नका.

सावल्यांची लांबी ही मैदानात राहणाऱ्यांची नेहमीची चूक. डिसेंबरच्या शेवटी पुण्यात भर दुपारी सपाट जमिनीवर माणसाची सावली त्याच्या उंचीपेक्षा थोडी कमीच असते. मनाली ३२ अंश अक्षांशाच्या थोडं वर आहे. तिथे त्याच दिवशी भर दुपारी सूर्य जेमतेम ३४ अंशांवर असतो आणि सावली उंचीच्या जवळपास दीडपट पडते. तीनच्या सुमारास ती अडीचपटीपर्यंत जाते. म्हणजे चित्रात झाडाची सावली आखडती घेतली की थंडी निघून जाते, मग बर्फ कितीही रंगवा. सावल्या लांब, एकाच दिशेच्या आणि जमिनीच्या चढ-उतारावर वळत जाणाऱ्या हव्यात. उंचवट्यावरून जाताना सावली वर चढते, खळग्यात उतरते. बर्फाखालची जमीन कशी आहे हे दाखवायला सावलीखेरीज दुसरं साधन नसतं.

ब्यासचं खोरं तिथे साधारण उत्तर-दक्षिण असल्यामुळे दुपार कलली की ऊन पश्चिमेच्या डोंगराआड लवकर जातं. अख्खं रान निळ्या सावलीत बुडतं आणि समोरच्या पूर्वेच्या उतारावर मात्र पिवळट गुलाबी ऊन रेंगाळतं. चित्रासाठी ही वेळ सोन्यासारखी. पण पहिल्या प्रयत्नाला तिरप्या उन्हाचा प्रसंग घ्यावा, तो सोपा पडतो.

सामान

कॅनव्हास १६ बाय २० इंच. याहून लहान घेतला की हात बोटांतून चालतो आणि झाडं कोरली जातात. तयार कॅनव्हासला प्रायमर असतोच, तरी अ‍ॅक्रिलिक जेसोचा आणखी एक हात आडवा आणि तो वाळल्यावर एक उभा द्यावा. बाजारातला स्वस्त कॅनव्हास तेल शोषतो आणि रंग निस्तेज पडतो. जेसो दिल्यावर २४ तास थांबा.

रंग सात पुरतात: टायटॅनियम व्हाइट, अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, यलो ऑकर, अलिझरिन क्रिमसन आणि व्हिरिडियन. कॅडमियम यलोचा एक थेंब उन्हासाठी लागेल तर लागेल. काळा घेऊ नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना निम्मे-निम्मे मिसळले की काळ्यापेक्षा जिवंत गडद मिळतो आणि प्रमाण थोडं बदलून तो थंड किंवा उष्ण करता येतो. थॅलो ब्लू किंवा थॅलो ग्रीनही टाळा. तांदळाएवढा थॅलो लिंबाएवढा पांढरा खाऊन टाकतो.

पांढऱ्याबाबत एक इशारा. झिंक व्हाइट दुधासारखा सुंदर दिसतो, पण वाळल्यावर ठिसूळ होतो आणि वर्षांनंतर पापुद्रे सुटू शकतात. जाड बर्फासाठी तो नकोच. ट्यूबच्या मागे घटक छापलेले असतात. टायटॅनियम व्हाइट म्हणून विकल्या जाणाऱ्या काही ट्यूबांतही झिंक असतं, ते तपासून घ्या.

ब्रश: डुकराच्या केसांचे चपटे १० आणि ६ नंबर, एक गोलसर कडेचा फिल्बर्ट ८ नंबर आणि काटक्यांसाठी लांब केसांचा रिगर १ किंवा २ नंबर. पॅलेट नाइफ दोन. एक लांबट, पानाच्या आकाराची, दुसरी लहान आणि टोकदार. दोन्हींची मूठ वाकडी असावी, नाहीतर बोटं ओल्या रंगात घासतात. जवसाचं शुद्ध तेल ५० मिलि, टर्पेंटाइन १०० मिलि, जुन्या सुती कापडाचे भरपूर तुकडे. हार्डवेअरच्या दुकानातलं टर्पेंटाइन बहुतेक वेळा पेट्रोलियमपासूनचं असतं. ब्रश धुवायला ते चालेल, रंगात मिसळायला चित्रकारांसाठीचं घ्या. खिडकी उघडी ठेवा.

आधी काडेपेटीएवढी चित्रं

पेन्सिलीने दोन बाय अडीच इंचाची चार-पाच टिपणं काढा. त्यांत फक्त तीन छटा ठेवा: कागदाचा पांढरा, मधला राखाडी, गडद. डोळे बारीक करून फोटोकडे पाहिलं की तपशील गळतात आणि हे तीन तुकडे दिसतात. तीन छटांतच चित्र उभं राहत नसेल तर रंग त्याला वाचवणार नाहीत.

रचनेत दोन-तीन गोष्टी आधीच पक्क्या कराव्यात. सगळ्यात गडद खोड मध्यावर नको, एका बाजूला तिसऱ्या हिश्शावर असावं. झाडांमधली अंतरं असमान हवीत. हात आपोआप कुंपण घालतो, त्याच्यावर नजर ठेवावी लागते. दोन झाडं जवळजवळ चिकटलेली, मग मोकळी जागा, मग एक एकटं, असं. दोन-तीन खोडं कॅनव्हासच्या वरच्या कडेबाहेर जाऊ द्या. देवदार उंच आहे हे त्यामुळे कळतं, शेंडा दाखवल्याने उलट तो ठेंगणा होतो. आणि क्षितिज वरच्या तिसऱ्या भागात ठेवलं तर बर्फावरच्या सावल्यांना पसरायला जागा मिळते.

दिवस पहिला: तांबूस तळ आणि गडद छटा

बर्न्ट सिएनात टर्पेंटाइन मिसळून चहाच्या रंगाइतका पातळ करा, मोठ्या ब्रशने सगळ्या कॅनव्हासवर फासा आणि लगेच कापडाने पुसून घ्या. उरतो तो मध्यम उजळ, तांबूस तळ. पांढऱ्या कॅनव्हासवर कोणतीही छटा खरी असते त्यापेक्षा गडद भासते, म्हणून नवशिका सावल्या फिक्या ठेवतो. मधल्या छटेवर अंदाज चुकत नाही. शिवाय नंतर निळ्या सावलीच्या फटकाऱ्यांमधून हा तांबडा रंग कुठे कुठे डोकावतो आणि निळा चमकून उठतो. चित्रातली अर्धी ऊब या तळातूनच येते, म्हणून शेवटपर्यंत तो पूर्ण झाकू नये.

तळ हाताला चिकटेनासा झाला की बर्न्ट अंबरच्या पातळ रंगाने आराखडा टाका. खोडांचे अक्ष, जमिनीची वळणं, सावल्यांची दिशा, बस्स. फांद्या आत्ता नकोत. मग त्याच अंबरमध्ये थोडा अल्ट्रामरीन घालून गडद भाग भरून घ्या: जवळची खोडं, पालवीचे घोस, झाडांखालचा अंधार. रंग टर्पेंटाइनने पातळ केलेला असावा, तेल अजिबात नको. अंबर लवकर वाळतो, एक-दोन दिवसांत पुढचं काम करता येतं.

तेलाचं गणित इथेच समजून घेतलेलं बरं. तैलरंग पाण्यासारखा सुकत नाही. त्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि हे महिनोन् महिने चालू असतं. खालचा थर तेलकट आणि वरचा कोरडा असेल तर वरचा आधी कडक होतो, खालचा हलत राहतो आणि तडे जातात. म्हणून पहिल्या दिवशी नुसतं टर्पेंटाइन, दुसऱ्या दिवशी दोन भाग टर्पेंटाइनला एक भाग तेल, तिसऱ्या दिवशी ट्यूबमधून येईल तसा रंग, काही न घालता; अपवाद फक्त शेवटच्या बारीक काटक्यांचा.

दिवस दुसरा: दूरचं रान, मग जवळचं

रंग मिसळायला बसा आणि ढीग आधीच करून ठेवा. काम सुरू झाल्यावर मिसळत बसलं की छटा दर वेळी बदलते. दूरच्या झाडीसाठी लिंबाएवढा पांढरा, त्यात हरभऱ्याएवढा अल्ट्रामरीन आणि त्याच्या निम्मा बर्न्ट सिएना, वर अलिझरिनचा तांदळाएवढा कण. हा जांभळट राखाडी होतो. मधल्या झाडीसाठी यातलाच निम्मा ढीग घेऊन निळा आणि सिएना दुप्पट करा. जवळच्या देवदाराच्या पालवीला व्हिरिडियन, बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन सारख्या भागांत. नुसता व्हिरिडियन प्लास्टिकसारखा दिसतो, सिएनाने त्याचा आगाऊपणा जातो.

आकाश आधी. निरभ्र दिवशी उन्हातला बर्फ आकाशापेक्षा उजळ असतो. म्हणून आकाश पांढरं ठेवू नका, क्षितिजाजवळ किंचित ऑकर घातलेला फिका निळा आणि वर जरा गडद. मग दूरची झाडी ओल्या आकाशातच लावा आणि कोरड्या ब्रशने वरची कड हलकेच फिरवून विरघळवा. दूरच्या झाडांना कड नसते, फक्त रंग असतो. इथे रेषा आली की खोली गेली.

देवदाराचा बांधा नीट पाहा, तो पाइनसारखा नसतो. फांद्या खोडातून आडव्या निघतात, थरांवर थर, आणि टोकाशी थोड्या झुकतात. पंजा पालथा धरावा तशी प्रत्येक फांदी दिसते. फिल्बर्टने खोडापासून बाहेर, आडवे आणि शेवटी खाली वळणारे फटकारे मारा. दोन थरांमध्ये मोकळी जागा राखा. ख्रिसमस ट्रीचा त्रिकोण काढून त्यावर पांढरे ठिपके देण्याचा मोह आवरा. पालवीतून दिसणारे आकाशाचे तुकडे नंतर घालायचे असतील तर ते मूळ आकाशापेक्षा किंचित गडद घ्या. आजूबाजूच्या काळोखामुळे तेवढाच रंग जास्त उजळ भासतो, नाहीतर झाडाला दिवे लावल्यासारखं होतं.

खोडांना सालीचे उभे चरे असतात, ते काढत बसू नका. सहा नंबरच्या ब्रशने वरपासून खाली एकच ओढ, मग उन्हाच्या बाजूला सिएना आणि ऑकरचा एक, सावलीच्या बाजूला निळसर राखाडीचा एक. सावलीच्या बाजूचा हा निळा बर्फावरून परतलेला उजेड आहे. तो दिला की खोड गोल होतं. रंग ओला असतानाच ब्रशच्या मागच्या टोकाने दोन-तीन ठिकाणी खरवडा, खालचा तांबूस तळ उघडा पडतो आणि साल आपोआप तयार होते.

याच दिवशी बर्फाच्या सगळ्या सावल्या. लिंबाएवढ्या पांढऱ्यात हरभऱ्याएवढा अल्ट्रामरीन आणि सिएनाचा कण, म्हणजे निळा शांत होतो. झाडाजवळ सावली गडद आणि कडा स्पष्ट ठेवा, लांब जाताना फिकी आणि कडा मऊ. सावली निळी का, याचं उत्तर वर आहे: तिथे ऊन पोचत नाही, फक्त निळं आकाश पोचतं. क्लोद मोने यांच्या १८६८-६९ च्या ‘मॅगपाय’ या चित्रात कुंपणाची बर्फावरची निळसर सावली पाहावी. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात ते आहे. बर्फावर किती कमी पांढरं लागतं हे त्यातून कळतं. ढगाळ दिवस रंगवायचा असेल तर मात्र ही निळी सावली नको. तेव्हा सावल्या जवळपास नसतातच आणि सगळा बर्फ मोत्यासारख्या राखाडीत असतो.

उन्हाच्या जागा आज रिकाम्या सोडा. तांबूस तळच दिसू दे. चित्र विचित्र वाटेल, पण इथे घाबरून पांढरा लावला की सगळं पाण्यात.

दिवस तिसरा: नाइफ

दोन-तीन दिवसांनी पृष्ठभाग बोटाला लागेनासा झाला की पुढे जा. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई-कोकणातल्या दमटपणात आठवडा लागू शकतो. पंखा चालू ठेवा आणि घाई करू नका.

उन्हातल्या बर्फासाठी सुपारीएवढे तीन ढीग करा. पहिला पांढरा आणि ऑकरचा कण. दुसरा त्यातच अलिझरिनचा स्पर्श, किंचित गुलाबी. तिसरा पांढरा आणि कॅडमियम यलोचा सुईच्या टोकाएवढा अंश, हा सगळ्यात उजळ आणि सगळ्यात थोडा.

नाइफच्या पात्याच्या एका कडेला रंगाची बोटाएवढी वळकटी घ्या. पातं कॅनव्हासला जवळजवळ सपाट, दहा-पंधरा अंशांवर टेकवा आणि उताराच्या दिशेने एकदाच ओढा. दाब जितका कमी तितका रंग उंचवट्यांवर बसतो आणि मधल्या खळग्यांतून निळा, तांबडा डोकावतो. याच तुटकपणामुळे बर्फ भुसभुशीत वाटतो. प्रत्येक ओढीनंतर पातं कापडावर पुसा. हे कंटाळवाणं आहे, पण न पुसलेल्या पात्यावर आधीच्या ओढीचा रंग असतो आणि तिसऱ्या ओढीला पांढऱ्याचा चिखल होतो. एकदा लावलेला फटकारा पुन्हा चोपडू नका. आवडला नाही तर पूर्ण खरवडून काढा आणि नवा लावा.

फांद्यांवरचा बर्फ लहान नाइफने, फक्त वरच्या बाजूला. आधी निळसर ढिगाचा थर, त्याच्यावर उन्हाकडच्या टोकाला उजळ रंगाचा छोटा चिमटा. प्रत्येक फांदीवर बर्फ नको. वारा आणि ऊन तो पाडत असतात, तेव्हा तिसऱ्या हिश्शाच्या फांद्या उघड्या ठेवा. खोडाच्या बुडाशीही लक्ष द्या. खोड बर्फावर ठेवलेलं नसतं, बर्फात रुतलेलं असतं. बुडाची रेष सरळ न ठेवता एका बाजूने बर्फ चढवा आणि दुसऱ्या बाजूला निळसर खळगा दाखवा.

जाडी तीन-चार मिलिमीटरपेक्षा जास्त नको. त्याहून जाड रंगावर वरून साय धरते, आत तो ओलाच राहतो आणि पुढे सुरकुत्या पडतात. आणि जाड रंग सगळीकडे लावला तर तो कुठेच उठत नाही. पुढच्या भागात, उन्हाच्या दोन-तीन पट्ट्यांवर तो असू द्या. दूरचं रान पातळच राहू दे. चित्र बोलकं होतं ते या फरकाने. रंग भडक केल्याने नाही.

शेवटी रिगर. रंगात तेल-टर्पेंटाइन घालून शाईइतका वाहता करा. खोडापासून बाहेर, हात खांद्यातून हलवत, टोकाशी दाब सोडत. सात-आठ काटक्या पुरे. पन्नास काढल्या तर केरसुणी होते.

बिघडलं तर

बर्फ खडूसारखा दिसतोय: रंगात उष्ण छटा नाही. त्यावर आणखी पांढरा देऊन उपयोग नाही. शेजारची सावली एक पायरी गडद करा, उजळ आपोआप उजळेल.

सगळं चित्र निळंशार झालं: सावल्यांत सिएना कमी पडला. वाळल्यावर काही सावल्यांवर सिएना, पांढरा आणि अलिझरिनच्या करड्या गुलाबी रंगाचा कोरडा ब्रश घासा.

गडद भाग वाळल्यावर मेलेले, धुरकट दिसतात: खालच्या थराने तेल शोषलं. त्या जागी जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या, दोन मिनिटांनी कापडाने पुसून टाका, मूळ छटा परत येते. रंग बदलला असं समजून तिथे नवा रंग चढवणं ही नेहमीची चूक.

झाडं कापून चिकटवल्यासारखी: कडा सगळीकडे सारख्या धारदार आहेत. प्रत्येक खोडाची एक बाजू दोन-तीन ठिकाणी मागच्या रंगात हरवू द्या.

ढुंगरीहून तासाभराच्या अंतरावरच्या नग्गरला रशियन चित्रकार निकोलस रोरिक १९२८ पासून राहत होते. त्यांची हिमालयाची चित्रं तिथल्या संग्रहालयात पाहून तसा सपाट, मखमली पृष्ठभाग तैलरंगात आणायचा प्रयत्न बरेचजण करतात. त्यांचं बरंचसं काम टेंपेरात, म्हणजे तेलाऐवजी अंड्याच्या बलकासारख्या चिकट द्रवात कालवलेल्या रंगांत आहे. तो पृष्ठभाग त्या माध्यमाचा आहे, तेलात तो येत नाही.

वाळवण

तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा गोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गोळ्यात ती साठून चिंध्या आपोआप पेटू शकतात. त्या दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात ठेवा.

चित्र भिंतीकडे तोंड करून किंवा कपाटात वाळवू नका. अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं आणि बर्फाच्या चित्रात ते सगळ्यात आधी दिसतं. थेट ऊन न येणाऱ्या उजेडाच्या खोलीत टांगा. पिवळेपणा आलाच असेल तर काही आठवडे उजेडात ठेवल्यावर तो बराचसा उतरतो. पावसाळ्यात कॅनव्हासच्या पाठीवर बुरशी धरते, म्हणून भिंत आणि चौकट यांत दोन बोटं हवा खेळू द्या. व्हार्निशसाठी पातळ भागांना सहा महिने आणि नाइफच्या जाड पट्ट्यांना वर्षभर थांबावं. सगळ्यात जाड पट्टीवर, कोपऱ्यात, नख हलकेच टेकवून पाहा. खूण उमटली तर अजून वेळ आहे.